उलटी बसवलेली दारं

ईशा आणि निनाद,

तुम्ही पाठवलेला फोटो गल्लीच्या तोंडाशी असलेल्या इंटरनेटच्या दुकानातून छापून आणला. तुमच्या ॲडलेडच्या घरामागे, नळाच्या बाजूच्या उतारावर, जमिनीत एक गोल झाकण आहे. निनादनं ते काडीनं उचलू पाहिलं तर आतून कुणीतरी घट्ट ओढून धरलं, असं ईशानं लिहिलंय. "आजी, आत कोण राहतं?" याच आठवड्यात तुमच्या बाबांचाही फोन आला. "आई, विक्रम सहीसाठी येईल. रंगरावकाका पण गेले आता. जुनं सोडून दे." दोन्हींचं उत्तर एकच आहे, आणि ते फोनवर देता येत नाही, कारण तुमचे बाबा मध्येच "बरं बरं" म्हणून विषय बदलतात. म्हणून लिहिते आहे. मराठीतच लिहिते, कारण यातली माणसं माझ्याशी मराठीत खोटं बोलली होती. अडलं तर आईला विचारा.

सध्या इथं हस्ताचा पाऊस चालू आहे. हा पाऊस श्रावणासारखा रेंगाळत नाही. दुपारी आभाळ काळं होतं, अर्धा-पाऊण तास धार लागते आणि लगेच इतकं लख्ख ऊन पडतं की वाळत घातलेले कपडे आत आणले याची लाज वाटावी. आमच्या राजारामपुरीतल्या कंपाउंडच्या भिंतीवर हिरवं मखमली शेवाळ चढलंय. कामाच्या बाई म्हणतात घासून काढू. मी म्हणते राहू दे. या दिवसांत मला भिंती, बांध, रस्त्याकडेच्या दरडी अशा तिरप्या नजरेनं बघायची सवय आहे. लोकांना वाटतं म्हातारीचं काहीतरी हरवलंय.

तुमच्या झाकणाखाली एक कोळीण राहते. मी कॉलेजात इंग्रजीतून प्राणिशास्त्र शिकवलं, त्यामुळे तिचं लॅटिन नाव मला पाठ आहे, पण ते तुमच्या काही कामाचं नाही. तुमच्याकडची जातही वेगळी असणार. ट्रॅपडोअर स्पायडर म्हणा. मी तिला दारवाली म्हणते. ती हवेत जाळं लावत नाही. मातीत बोटभर रुंदीचं बीळ खणते, त्याला आतून रेशमाचं अस्तर लावते आणि तोंडावर मातीचं आणि रेशमाचं दार बसवते. दारावर बाहेरून शेवाळ, वाळकं गवत, आजूबाजूला जे असेल ते चिकटवते. मग दाराआड बसून राहते. पुढचे पाय उंबऱ्याला लावलेले असतात. एखादा किडा दारावरून चालत गेला की दार उघडतं, मिटतं, आणि किडा नसतो. तुमच्या डोळ्याला एवढंच दिसतं. नर पावसाळ्यात बिळं सोडून भटकतात आणि मरतात. मादी वर्षानुवर्षं त्याच घरात राहते. घर वाढवते, दार वाढवते, पण जागा सोडत नाही.

ती कुठं सापडते, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. उतार हवा, पण ढासळणारा नको. सावली हवी, पण पाणी तुंबलेलं नको. माती मुठीत वळणारी, तांबूस. आणि तिथं पिढ्यानपिढ्या कुणी फावडं लावलेलं नको. माझं माहेर कुरुंदवाड. तिथली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल इतकी भेगाळते आणि पावसाळ्यात नदी तिच्यावर चढून बसते. तिथं मला एकही दार कधी दिसलं नाही. दिसलं ते लग्नानंतर, शाहूवाडीकडच्या डोंगराळ भागात, तुमच्या पणजोबांच्या भाताच्या शेतावर. शेताचे दोन वाटे झालेले. वरचा तुमच्या आजोबांचा, खालचा त्यांच्या चुलत भावाचा, म्हणजे रंगराव भाऊजींचा. मधे छातीइतका उंच जुना बांध. त्याच्या एका टोकाला उंबर.

भाताच्या बांधावर भोकांना तोटा नसतो. खेकड्याच्या बिळाच्या तोंडाशी मातीच्या ओल्या गोळ्यांचा ढीग असतो. उंदराचं बीळ मोठं आणि जाऊन-येऊन गुळगुळीत झालेलं. काही कोळी नुसतं भोक पाडून राहतात, त्याच्या कडेला गवताच्या काड्यांची चुंबळ असते. दारवालीचं भोक दिसतच नाही. शेवाळावर नजर फिरवताना एके ठिकाणी ती अडखळते, कारण तिथं एक गोल फार नेटका असतो. हस्ताच्या दिवसांत आणखी एक सोय असते. ऊन-पाऊस आलटून पालटून पडतो, बांध आणि दार वेगवेगळ्या वेगानं सुकतात, आणि दाराच्या कडेला नखाच्या कोरीएवढी चंद्रकोर उमटते. सकाळचं तिरपं ऊन असेल तर ती चटकन दिसते. गवताची ताठ काडी घालून हळूच उचलायचं. आत कुणी असेल तर दार खाली ओढलं जातं, आणि एवढ्याशा जिवात एवढा जोर कुठून येतो असं वाटतं. आत कुणी नसेल तर दार निमूटपणे उघडतं. बुचासारखं जाड, आतून पांढरं, आणि त्या पांढऱ्यावर टाचणीनं टोचल्यासारख्या खुणा. दार धरून ठेवताना तिचे दात तिथं रुततात.

आणि बिजागरी बघायची. उतारावरच्या दाराची बिजागरी वरच्या बाजूला असते. सोडलं की दार आपल्याच वजनानं मिटतं. खाली बिजागरी ठेवली तर दार लोंबून उघडं पडेल आणि पहिल्याच पावसात घरात पाणी जाईल. माझ्या बांधावर बिजागरी खाली ठेवणारी एकही कोळीण मला भेटली नाही.

तुमच्या आजोबांना कोळ्यांचं कौतुक नव्हतं, पण माझं होतं. मी बांधाशी उकिडवी बसले की ते डोक्यावर छत्री धरून उभे राहत आणि विचारत, "काय गं, घरी आहेत का?" त्यातली एक आमची जुनी ओळखीची होती. तिच्या दारात फुटक्या कौलाचा एक तांबडा कण बसलेला होता. दरवर्षी दार थोडं मोठं व्हायचं, कण तिथंच असायचा. तुमचे बाबा शाळेत जायला लागले तेव्हा ती होती, ते पुण्याला इंजिनिअरिंगला गेले तेव्हाही होती. आजोबा तिला कौलवाल्या वैनी म्हणत.

आजोबा फाल्गुनात गेले. रंगराव भाऊजी इतके मोठ्यानं रडले की शेजारचे लोक त्यांनाच धरून बसले. "माझा पाठीराखा गेला" म्हणाले. तेराव्याला जेवले, मला म्हणाले, "वैनी, शेताची काळजी करायची न्हाय. मी हाय." मी त्यावर विश्वास ठेवला. ठेवायलाच हवा होता, त्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. विश्वास ठेवणाऱ्यानं कशाला ओशाळायचं?

आमचा वाटा कुसुमचे वडील कसत. कुसुम कांबळे ही माझी विद्यार्थिनी, पुढं त्याच गावच्या शाळेत शिक्षिका झाली. ती गणपती झाल्यावर कोल्हापूरला आली, चहा घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "बाई, तुमचा बांध हललाय."

"हललाय म्हणजे?"

"वैशाखात तुम्ही इकडं पेपर तपासत होता तेव्हा रंगरावांनी ट्रॅक्टर घातला. जुना बांध मोडला आणि नवा तुमच्या अंगाला सरकून घातला. माझे वडील म्हणाले, मालकीणबाईंना विचारा तरी. तर म्हणतो कसा, ती काय बांध बघायला येतीया? ती किडं बघायला येतीया."

आजोबांना जाऊन तेव्हा वर्षसुद्धा झालं नव्हतं.

मी दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं निघाले. मलकापूरला उतरून पुढची गाडी. भात पोटरीला आलं होतं, लोंब्या अजून पानांत मिटलेल्या, आणि पोटरीतल्या भाताला दुधाळ, कोवळा असा एक वास असतो, त्या वासात मी बांधावर जाऊन उभी राहिले. आणि एक क्षण मला वाटलं कुसुम चुकली. कारण बांध जुना दिसत होता. हिरवागार, गवत धरलेला, मधूनमधून शेवाळ. नव्या मातीचा कुठं मागमूस नाही. उंबर मात्र बांधापासून सुटून एकटा, बाजूला पडल्यासारखा दिसत होता. त्याच्या बुंध्याशी मातीचा एक उंचवटा.

भाऊजी वाटच बघत असल्यासारखे आले. "वैनी, बांध हाय तितंच हाय की. तुमी वरसातनं दोनदा येतासा, डोळ्याला सवय न्हाय."

"उंबर बांधावर होता, भाऊजी."

"उंबर कवा बांधावर हुता? बाजूलाच हुता. त्येच्या बुडात आमी तण उपटून टाकतोय, त्यो ढीग हाय त्यो." मग आवाज मऊ करून, "न्हाय तर मोजणीचा अर्ज करा की. सरकारी माणूस टेप घेऊन येईतवर पोरांची लगीनं हुतील. आनि गवत बघा की बांधावरचं. नव्या बांधाला असलं गवत येतंय व्हय?"

गवत खरंच होतं. मी चष्मा पुसला आणि सवयीनं उकिडवी बसले. डोक्यावर आता छत्री नव्हती. ऊन तिरपं होतं. पहिली चंद्रकोर दिसली, तिच्याशेजारी दुसरी. काडी घातली. दार निमूट उघडलं, आणि खाली काही नव्हतं. बीळ नव्हतं. घट्ट चेपलेली माती, तिच्यावर नुसतं झाकण ठेवलेलं. बिजागरी खालच्या बाजूला. पुढचं दार पाहिलं, बिजागरी डावीकडं. त्याच्या पुढचं तर पूर्ण उलटं. आणि चौथ्या का पाचव्या दारात तांबडा कण होता.

तेव्हा सगळं उलगडलं. जुना बांध मोडायच्या आधी भाऊजींनी त्याच्यावरचं गवत मुळासकट, मातीच्या पापुद्र्यासकट खरवडून काढून ठेवलं होतं आणि नव्या बांधावर लिंपलं होतं. आमच्याकडं बांध शाकारायची ही नेहमीची रीत आहे, गवत दोन पावसांत जीव धरतं. बांध जुना दिसावा म्हणून त्यांनी केलं, आणि त्या पापुद्र्याबरोबर दारंही उचलली गेली, घरं खाली राहिली आणि त्यांच्यावरून ट्रॅक्टर फिरला. लिंपणाऱ्यानं गवताची हिरवी बाजू बघितली. वर कुठली, खाली कुठली, ते बघायचं त्याला काय कारण? माणसाला गवत दोन्हीकडून सारखंच दिसतं.

मी ते तांबड्या कणाचं दार हातात घेऊन बसले होते. त्या वेळी मला रडू आलं असतं तर बरं दिसलं असतं. रडू आलं नाही. राग आला, आणि तो गरम नव्हता, थंड होता, आडातल्या पाण्यासारखा. तेराव्याचं जेवण, "मी हाय" म्हणणारा आवाज, किडं बघायला येतीया. सगळं त्यात स्वच्छ दिसत होतं. मी दार होतं तिथं ठेवलं, वरून गवत सारखं केलं आणि भाऊजींना म्हणाले, "बरं. तुम्ही म्हणता तसंच असेल."

उंबराखालच्या "तणाच्या ढिगाकडं" गेले ते संध्याकाळी, कुसुमला घेऊन. तो जुन्या बांधाचाच तुकडा होता. उंबराला कुणी नांगर लावत नाही आणि मुळांमुळं ट्रॅक्टरही वळत नाही, म्हणून राहिलेला. त्याच्यावर दारं होती. बिजागऱ्या वर. मी काडी लावली आणि आतून कुणीतरी दार ओढून घेतलं.

कुसुम म्हणाली, "बाई, चला आत्ताच्या आत्ता त्याच्या दारात. नाहीतर मला सांगा, ट्रॅक्टरच्या टायरात खिळे ठोकते."

"पंक्चर काढून घेईल तो."

"मग काय करायचं?"

"बसायचं," मी म्हणाले. "दसऱ्यापर्यंत."

त्या दिवसांइतकी शांत झोप मला पुढं क्वचित लागली. कॉलेजात शिकवत होते, भाजी निवडत होते, आजोबांच्या फोटोला हार घालत होते, आणि आत कुठंतरी माझे पाय उंबऱ्याला लागलेले होते. लोकांना वाटत होतं बाई दुःखानं गप्प झाल्या. मला त्यांची समजूत घालायची घाई नव्हती. सूड म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं आदळआपट येते. माझा अनुभव वेगळा आहे. नेमकं काय करायचं ते ठरलं की माणूस फार सभ्य होतो. त्या महिन्यात मी कुणालाही उलट बोलले नाही.

मधून मधून पाऊस येई. वर्गाच्या खिडकीतून मी आभाळाकडं बघत असे आणि मनात म्हणत असे, फार जोरात पडू नको रे, त्या उलट्या दारांना धक्का लागू देऊ नको. एरवी कोळ्यांसाठी मी कधी देवाला काही मागितलं नाही.

दसऱ्याला गावाची पालखी सीमोल्लंघनाला निघते ती आमच्या शेताच्या वाटेनं जाते. पलीकडं आपट्याचं झाड आहे, तिथं सोनं लुटतात. पहिल्या सोन्याचा मान भाऊजींच्या घराकडं. म्हणजे त्या संध्याकाळी सगळं गाव त्या बांधापाशी असतं, कुणाला बोलवावं लागत नाही. मी जाणं अपेक्षित नव्हतं. वर्षाच्या आत विधवेला सण कुठला? मी पांढरी-करडी साडी नेसून उंबराखाली जाऊन उभी राहिले. कुसुम तालुक्याच्या विहारातून परस्पर आली होती, तीही पांढऱ्या साडीत. तिच्याकडं त्या दिवशी अशोक विजयादशमी असते. बायका कुजबुजल्या. हलगी थांबली.

भाऊजी मोठ्या मनाचे. हातात आपट्याची पानं घेऊन पुढं आले. "वैनी, सोनं घ्या, सोन्यासारकं ऱ्हावा. मागचं सगळं इसरायचं असतंय आज."

"घेते," मी म्हणाले. "आधी एक दार उघडून द्या."

"कसलं दार?"

मी त्यांना नव्या बांधापाशी नेलं. पोलीस पाटील, म्हातारे आणि तोलून बोलणारे, काठी टेकत मागोमाग आले. मी पर्समधून डिसेक्शनची सुई काढून भाऊजींच्या हातात दिली. "इथं घाला. उचला."

त्यांनी उचललं. "झाकण हाय. मग?"

"खाली घर बघा."

"खाली... माती हाय."

"पुढचं उघडा."

पुढचंही उघडलं. आणखी एक. लोक जवळ सरकले. मी शिकवायच्या आवाजात सांगितलं, शेवटच्या बाकावर ऐकू जाईल अशा. हा कोळी कसा राहतो, किती वर्षं राहतो, बिजागरी कुठं ठेवतो आणि का. ही बघा बिजागरी, खाली. ही आडवी. कुठला शहाणा जीव घराचं दार उलटं बसवील, आणि घर नसताना दार करील? मग सगळ्यांना उंबराकडं नेलं, "तणाच्या ढिगाकडं". पाटलांच्या हातात गवताची काडी दिली.

पाटलांनी काडी घातली आणि दचकून हात मागं घेतला. "आयला! आतनं वढतंय की!"

"घरी आहे ती," मी म्हणाले. "तिचं घर इथं पहिल्यापासनं आहे. ही बांधाची जागा. तिकडं दारं कुणी नेली, ते तिला माहीत नाही, मला माहीत आहे."

मग गर्दीतून एक बाई म्हणाली, "कोळ्याचंबी घर सोडलं न्हाय गं यानं." आणि हसू फुटलं. एकदा गाव हसायला लागलं की ते थांबवायला कुठलीच मोजणी येत नाही. भाऊजींच्या हातातली पानं खाली पडली.

"वैनी, माणसाकडनं चूक हुतीया..."

"चूक नाही, भाऊजी. चुकीला गवत लिंपावं लागत नाही."

त्यांची बायको, माझी जाऊ अक्का, डोक्यावरचा पदर ओढून घेत सगळ्यांदेखत म्हणाली, "मी तवाच म्हनलं हुतं, भावाच्या बायकूचा शिकलेला डोळा हाय, नका नादाला लागू. आता घाला बांध."

पाटलांनी मला विचारलं काय पाहिजे. कोर्टात जायचं का? मी नाही म्हणाले. माझ्या सासूबाई एक जुनी गोष्ट सांगत, बांध खाल्लेल्या माणसाला पूर्वी या गावात पहिली पाटी आपल्या डोक्यावरून वाहावी लागे. मी म्हणाले, मला तेवढंच पाहिजे. पण पहिली पाटी नाही, सगळ्या. ट्रॅक्टर नाही, गडी नाहीत. आणि आपट्याची पानं मी घेतली नाहीत.

भात कापून झाल्यावर, मार्गशीर्षाच्या थंडीत, त्यांनी बांध घातला. मी शनिवार-रविवार जाऊन उंबराखाली लोखंडी खुर्ची टाकून बसत असे, स्वेटर आणि पायमोजे घालून, मांडीवर विणकाम घेऊन. भाऊजी पाटी भरत, चुंबळीवर ठेवत, जुन्या रेषेवर नेऊन ओतत. त्यांच्या मानेवरून तांबडा घाम उतरे. येणारे-जाणारे थांबून रामराम घालत, त्यांना नव्हे, मला. अक्का चहा आणी, आधी मला देई. एकदा ते पाटी ठेवून म्हणाले, "वैनी, आता पुरं की. पाठ मोडली."

मी म्हणाले, "अजून ओळंब्यात नाही. उंबराकडं जरा वळलाय."

ईशा, निनाद, तुम्ही मोठे झालात की कुणीतरी तुम्हाला सांगेल की सूड घेतल्यावर माणसाला रितं वाटतं. मी वाट बघितली, मला रितं वाटलं नाही. प्रत्येक पाटीला बरं वाटत होतं. भात कापलेल्या शेताचा वाळका वास, डोंगरावरून येणारं गार वारं, सुयांची टिकटिक आणि ओतल्या जाणाऱ्या मातीचा धप्प आवाज. माझ्या त्या वर्षातले चांगले दिवस मोजायला बसले तर ते हेच. दुःख मात्र त्यानं कमी झालं नाही, ते वेगळ्या खोलीत होतं. कौलवाली परत आली नाही. तुमचे आजोबाही नाहीत. ज्याची भरपाई होण्यासारखी होती तेवढीच मी वसूल केली.

भाऊजी पुढं बरीच वर्षं जगले. समोर आले की मान खाली घालत. दरवर्षी दसऱ्याला अक्का पानं पाठवी, मी अक्काची म्हणून घेई. ते गेले तेव्हा मी समाचाराला गेले, अक्काचा हात धरून बसले, पाणी न पिता परत आले. माणूस गेला की त्याचं केलेलंही जातं, असं म्हणणारे बहुधा ते करणाऱ्याच्या घरचे असतात.

आता विक्रम, त्यांचा मुलगा. घाटाकडं जाणाऱ्या रस्त्याला गेल्या काही वर्षांत हॉटेलं झाली, मुंबई-पुण्याची माणसं धुकं बघायला येतात. विक्रमला दोन्ही वाटे एक करून सपाट करून विकायचेत. चार दिवसांपूर्वी तो आला, पाया पडला, मोबाइल टेबलावर ठेवला.

"काकू, पार्टीला लेव्हल जमीन पायजे. बांधाचं काय एवढं? मातीच की."

"तुझ्या वडिलांनी डोक्यावरून वाहिलेली माती आहे."

तो लाल झाला. "किती वर्सं धरून बसणार, काकू? आबा गेले."

"मी नाही गेले," मी म्हणाले, आणि त्याला दुसरा लाडू दिला. तो त्यानं खाल्ला. लाडवावर माझा राग नाही.

बाबांना सांगा, मी सही करणार नाही. तुम्हाला त्या जमिनीचा उपयोग नाही हे मला कळतं. तुम्ही तिथं भात लावायला येणार नाही. पण सपाट करण्याचं काम त्या घराण्यानं एकदा केलंय, ते दुसऱ्यांदा माझ्या सहीनं होणार नाही. माझ्यामागं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. निदान काय मोडता आहात ते माहीत असताना ठरवा.

विक्रम गेल्यावर दोन दिवसांनी कुसुमला बरोबर घेऊन मी शेतावर जाऊन आले. आता गुडघे वाकत नाहीत, म्हणून तिनं बांधावर वाकून बघितलं आणि मी मागून सांगत होते. उंबराखालच्या कोळिणींची पिल्लं पावसापावसानं पुढं पुढं सरकत गेली आहेत. ती फार लांब जात नाहीत, आईच्या जवळपासच घर करतात, त्यामुळे एवढं अंतर यायला त्यांना इतकी वर्षं लागली. रंगराव भाऊजींनी घातलेल्या बांधात, पार मधल्या भागापर्यंत, दारं आहेत. बिजागऱ्या वर आहेत. कुसुमनं काडी लावली ती सगळी आतून धरलेली होती.